झाडाच्या पायाशी एक महिना
(प्रस्तावना)

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत वडाचं एक बोन्साय आहे. कौलाच्या फटीत उगवलेलं रोप पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हलक्या हातानं काढून कुंडीत लावलं, तेच हे. बुंधा आता मनगटाएवढा झाला आहे आणि दोन पारंब्या मातीला टेकल्या आहेत. पण ते झाड बाराही महिने तसंच दिसायचं. आषाढ असो की माघ, पानं हिरवी, बुंधा करडा. एका पावसाळ्यात संक्रांतीचं एक फुटकं बोळकं पागोळ्यांखाली पडून राहिलं. त्यात चिमूटभर माती साचली, मातीवर शेवाळ धरलं आणि श्रावण लागता लागता त्या शेवाळातून हंसराजाची काळ्या देठांची चार-पाच पानं वर आली. अंगण आवरताना मी ते बोळकं उचलून वडाच्या कुंडीशेजारी टेकवलं आणि दोन पावलं मागे सरलो. वड तोच होता, पण आता त्याच्याभोवती पाऊस पडत होता. तो कुठल्या मुलखातला आणि कुठल्या महिन्यातला, हे त्या बोळक्यानं सांगून टाकलं होतं. हे पुस्तक त्या दिवशी सुरू झालं.

बोन्सायशेजारी वेगळ्या, लहानशा भांड्यात ठेवलेल्या अशा वनस्पतीला जपानीत 'शिताकुसा' म्हणतात. शिता म्हणजे खाली, कुसा म्हणजे गवत. आपल्याकडचे बोन्सायकार तिला 'अ‍ॅक्सेंट प्लांट' म्हणतात. मी या पुस्तकात 'सोबतीचं रोप' असं म्हटलं आहे. अंधाराच्या वाटेवर आपण कुणाची तरी सोबत मागतो. सोबत करणारा पुढे धावत नाही, मागेही रेंगाळत नाही, त्याच्या असण्यानं वाट सोपी होते. या रोपाचं नेमकं तेच काम आहे. झाड आपलं वय सांगतं, सोबतीचं रोप महिना सांगतं. मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकी सगळं त्याचा विस्तार.

नवख्या वाचकासाठी या कलेचा मागचा प्रवास थोडक्यात सांगतो. उथळ तबकात झाडं, दगड आणि गवत मांडून निसर्गदृश्य उभं करण्याची कला मूळची चीनची. इ. स. 706 मधल्या राजपुत्र चांगह्वायच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात हातात असं तबक घेतलेले सेवक दिसतात. ही पेनजिंगची परंपरा. तिच्यात झाड आणि गवत एकाच तबकात नांदतात, कारण मांडायचा असतो तो अख्खा डोंगर किंवा नदीकाठ. चीनमधल्या विद्वानांच्या लिहिण्याच्या मेजावर आणखी एक वनस्पती मानानं बसायची. ती म्हणजे दगडाला धरून वाढणारं, बारीक पात्यांचं वेखंड. आपण बाळगुटीत उगाळतो त्या वेखंडाची ही धाकटी बहीण. पुढे जपाननं तिला 'सेकिशो' या नावानं आपलंसं केलं आणि सोबतीच्या रोपांत आजही तिचं स्थान पहिल्या रांगेत आहे.

जपानमध्ये 1309 च्या 'कासुगा गोंगेन गेंकी' या चित्रगुंडाळीत कुंडीतली झाडं दिसतात. चीनमधला अख्खा देखावा जपाननं हळूहळू एका झाडावर आणला. झाड एकटं पडलं तेव्हा त्याला संदर्भाची गरज भासली आणि तो संदर्भ 'तोकोनोमा'नं दिला. तोकोनोमा म्हणजे घरातला पाहुण्यांसाठी सजवलेला कोनाडा. त्यात तीन गोष्टींची मांडणी ठरली: झाड, भिंतीवरची चित्रगुंडाळी आणि खाली लहानसं रोप. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायकार शहर सोडून ओमियाला गेले, 1925 मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसलं. 1934 पासून टोकियोत कोकुफू प्रदर्शन भरू लागलं. झाडं कोनाड्यातून प्रदर्शनाच्या मेजावर आली, तरी त्यांच्या बाजूचं रोप सुटलं नाही.

या मांडणीचं व्याकरण कळलं की अर्धी वाट सरते. रोप झाडापेक्षा खूप लहान आणि खालच्या पातळीवर असावं. झाड ज्या बाजूला झुकतं, त्या बाजूला रोपाला जागा द्यावी, म्हणजे नजर झाडावरून उतरून रोपापाशी थांबते. झाडाला फुलं असतील तर रोपाला नसावीत. झाडाची कुंडी चौकोनी असेल तर रोपाची गोल घ्यावी. रोपाखाली पातळ फळी, लाकडाची चकती किंवा बांबूची चटई ठेवावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोघं एकाच रानातली आणि एकाच ऋतूतली वाटावीत. डोंगरकड्यावरच्या झाडाला पाणथळीतलं रोप दिलं तर दोघंही खोटी पडतात.

या मुळातून तीन-चार वाटा फुटल्या. शिताकुसा कायम झाडाच्या सोबतीला राहते. 'कुसामोनो' या प्रकारात गवतं आणि रानफुलं एकत्र लावून त्या कुंडीलाच मांडणीचं मुख्य स्थान देतात, तिथे झाड लागत नाही. 'नेआराई' म्हणजे वर्षानुवर्षं कुंडीत वाढून मुळांची घट्ट गुंडी झालेलं रोप कुंडीबाहेर काढून, मुळं धुऊन, नुसत्या तबकात उभं करणं. आणि 'कोकेदामा' म्हणजे शेवाळात गुंडाळलेला मातीचा गोळा, जो आता आपल्या शहरांतल्या रोपवाटिकांतही दोरीला टांगलेला दिसतो. पाश्चात्त्य देशांत हे वेड दुसऱ्या महायुद्धानंतर पसरलं. 1976 मध्ये जपाननं अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिली आणि वॉशिंग्टनमधल्या संग्रहालयाची सुरुवात झाली. तिकडच्या हौशी मंडळींनी आपापल्या डोंगरातली बारकी फुलझाडं कुंडीत आणली. जपानी रीत शिकून स्वतःची वनस्पती वापरावी, हा धडा मला त्यांच्याकडून मिळाला.

महाराष्ट्रात 'वामनवृक्ष' हा शब्द रुळलेला आहे. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांनी इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटातून अनेकांना या कलेची गोडी लावली. पुण्यात 2018 मध्ये 'बोन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन झालं, एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनातही बोन्साय पाहायला गर्दी होते. आपल्याकडे झाडांचं काम फार पुढे गेलं आहे. वड, पिंपळ, उंबर, चिंच, करवंद यांची अस्सल देखणी बोन्साय मी पाहिली आहेत. पण त्यांच्या शेजारी पुष्कळदा रोपवाटिकेतून आणलेली परदेशी सेडम किंवा पिलिया असते. ही रोपं काटक आहेत, शिकायला चांगलीही आहेत. मात्र ती वर्षभर एकसारखी दिसतात, म्हणून महिना सांगू शकत नाहीत.

आणि महिना सांगणाऱ्या वनस्पती तर आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या येत आल्या आहेत. जपानी माणूस 7 जानेवारीला सात कोवळ्या रानभाज्यांची पेज खातो, शरदातल्या पौर्णिमेला चंद्रासमोर गवताचे तुरे मांडतो. आपण गणपतीला पत्री वाहतो, कोकणात तेरड्याची गौर घरात आणतो, घटस्थापनेला मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याचे कोंब वाढताना पाहतो. दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या आणि नाचणीची कणसं बांधून दाराला 'नवं' लावतो. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यांच्या क्रमानं लिहिलं, ते याच नजरेनं. तेव्हा सोबतीचं रोप ही कल्पना आपल्याला परकी नाही. मातीच्या लहान भांड्यात ऋतू वाढवणं आपल्या ओटीवर होतंच, बोन्सायनं त्याला फक्त शेजार दिला.

आता मुलखाविषयी. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचं आतलं, डोंगराला टेकलेलं टोक. इथे समुद्र दिसत नाही, सह्याद्री दिसतो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री या दोन्ही तालुक्यांतून वाहते. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं वर निघालं की सुमारे 40 किलोमीटरांत आपण भातखाचरांतून महाबळेश्वरच्या पठारावर, जवळजवळ 1,350 मीटर उंचीवर पोचतो. खाली काळा कातळ, वर तांबडा जांभा. खाली महाडात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, वर महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्याही पुढे. याच महाडात एप्रिल-मेमध्ये अंगाची लाही होते. चार महिने भिजणं आणि चार महिने होरपळणं, या दोन्हींतून तगून निघणाऱ्या लहान वनस्पतींचा हा मुलूख आहे. 1993 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागानं कोठारी आणि मूर्ती यांचा 'फ्लोरा ऑफ रायगड डिस्ट्रिक्ट' हा ग्रंथ काढला. त्याच्याही आधी थिओडोर कुकनं 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद केली होती. ज्यांना आपण तण म्हणून उपटून फेकतो, त्यांची नावं या ग्रंथांत आदरानं लिहिलेली सापडतात.

आषाढात बांधाच्या दगडांतून हंसराज उठतो. त्याच्या पानाचं टोक मातीला लागलं की तिथेच नवं रोप धरतं, त्यामुळे एका बोळक्याची चार बोळकी व्हायला दोन पावसाळे पुरतात. झाडांच्या बेचक्यांतून रुखाळूची पानं लोंबतात. श्रावणात कातळावर आभाळी-नभाळीची निळी-जांभळी फुलं येतात. भाद्रपदात तेरडा पेटतो आणि घाटात वर सोनकी पिवळी होते. आश्विनात मी सोबतीला नाचणी किंवा वरी ठेवतो. जुलैत पसरट थाळीत दाट पेरलेली, खत न घातलेली नाचणी वीतभरच वाढते आणि तिचं कणीस करंगळीच्या पेराएवढं धरतं. करवंदाच्या बोन्सायशेजारी ती ठेवली की वरकसाचा आख्खा उतार डोळ्यांसमोर उभा राहतो. मार्गशीर्षात वाळलेलं गवत तसंच ठेवावं, ते कापू नये. त्याचा सोनेरी रंग ही त्या महिन्याची खूण आहे. ब्राह्मी आणि आंबुटी पाण्याच्या आधारानं वर्षभर साथ देतात. आणि वैशाखात मोरशिखा. हे जुन्या भिंतींच्या सांध्यांत वाढणारं, मोराच्या पिसाऱ्यासारखं बोटभर नेचं. उन्हाळ्यात त्याची पानं आवळून तपकिरी मूठ होते, बघणाऱ्याला ते मेलं असं वाटतं. पाणी मिळालं की तेच पान पुन्हा उलगडतं. वडाशेजारी ती मिटलेली मूठ ठेवली की महाडचा मे महिना वेगळा सांगावा लागत नाही.

सुरुवात करणाऱ्यानं भांड्यापासून करावी. पणत्या, बोळकी, करवंटी, घरातला जुना चिनी मातीचा वाडगा, काहीही चालतं, पण भांड्याला तळाशी भोक हवं. मातीचं बोळकं रात्रभर पाण्यात भिजवून मग बारीक ड्रिलनं भोक पाडलं तर सहसा तडकत नाही. शेतातली माती नुसती कधी भरू नये. आमच्या पावसात तिचा चिखल होतो, मुळं गुदमरतात आणि आठवड्यात कुजतात. माझी पहिली बारा-पंधरा रोपं मी अशीच गमावली. फुटक्या विटा कुटून, चाळून, धूळ टाकून उरलेली ज्वारीच्या दाण्याएवढी भरड दोन भाग, नदीची जाड वाळू एक भाग आणि कुजलेला पालापाचोळा एक भाग, एवढं मिश्रण बहुतेक रोपांना पुरतं. नेच्यांना पालापाचोळा थोडा वाढवावा. भांडं जितकं उथळ आणि खत जितकं कमी, तितकी पानं बारीक राहतात. पावसाळ्यात रोपं पडवीच्या कडेला ठेवावीत, म्हणजे ओल मिळते आणि सरींचा मारा चुकतो. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचाव्यात. उन्हाळ्यात लहान भांडं दिवसातून दोनदा, कधी तीनदा पाणी मागतं. ओल्या वाळूच्या परातीत सगळी भांडी एकत्र ठेवली तर ती एकमेकांना सांभाळतात. शेवाळ हवं असेल तर आपल्याच भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ चुरून मातीवर भुरभुरावं आणि वर पाण्याचा फवारा मारावा. जुलैत ते धरतंच.

इथे एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीच्या उत्साहात मी एकदा गडाच्या पायरीवरचं दाट शेवाळ सुरीनं खरवडून आणलं होतं. आठ दिवसांत ते करपलं. पायरीवरची ती उघडी जागा पुढच्या पावसातही तशीच दिसत होती. तेव्हापासून मी काही नियम पाळतो आणि वाचकानंही ते पाळावेत अशी माझी विनंती आहे. घ्यायचं ते आपल्या परसातून, आपल्या बांधावरून, आपल्या कौलावरून, आणि तेही बी, फुटवा किंवा एखादा तुकडा. राखीव जंगलातून, गडकोटांवरून, देवराईतून काही उपटायचं नाही. आमरी म्हणजे ऑर्किड आणि कंदीलपुष्पं जिथे फुलतात तिथेच पाहायची. सर्व आमरींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. पश्चिम घाटातली 39 ठिकाणं 2012 मध्ये जागतिक वारसा ठरली, कासचं पठार त्यांपैकी एक. पण ज्या बांधाला कुठलाही वारसा जाहीर झालेला नाही, तोही त्याच घाटाचा भाग आहे. शिवाय 22 जुलै 2021 ला तळीये गावावर आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या, त्या आठवणी इथल्या घराघरांत ताज्या आहेत. त्या दिवसानंतर इथल्या कुठल्याही उतारावरचं मूळ उपटताना हात थांबला पाहिजे.

हे आजच लिहावंसं वाटलं, त्याचं कारण हेच आहे की लहान वनस्पतींच्या जागा आमच्या डोळ्यांदेखत चालल्या आहेत. कौलं जाऊन पत्रे आले. दगडी बांध जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या, आणि सिमेंटच्या भिंतीत मोरशिखेला सांधा सापडत नाही. महामार्ग रुंद झाला. ज्या कडांवर श्रावणात निळी फुलं दिसायची तिथे आता रानमोडी माजली आहे. वाघ, गिधाडं, मोठे वृक्ष यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते बोललं पाहिजेच. पण बोटभर नेचं नाहीसं झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते आहे हेच कुणी पाहिलेलं नसतं. सोबतीचं रोप वाढवणारा माणूस वाकून पाहायला शिकतो. त्याला आपल्या बांधावर किती प्रकारची पानं आहेत हे ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक आहे तो बांधावर तणनाशक फवारण्याआधी विचार करतो.

दुसरं कारण माणसांचं आहे. महाड-पोलादपूरच्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत आहे. चाळीच्या गॅलरीत किंवा इमारतीच्या खिडकीत त्यांना झाड ठेवायला जागा नसते, आणि बोन्साय घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात. सोबतीचं रोप तळहातावर मावतं आणि एका पावसाळ्यात दाखवण्याजोगं होतं. गणपतीला गावी आलेल्या माणसानं परतताना आपल्या बांधावरचा हंसराजाचा एक फुटवा ओल्या फडक्यात बांधून नेला, तर वर्षभर त्याच्या खिडकीत गाव राहील. बोन्सायकडे वळण्याचीही यापेक्षा चांगली वाट नाही. पाणी किती द्यावं, माती कशी निवडावी, छाटणी कधी करावी, हे सगळं लहान रोप लवकर आणि स्वस्तात शिकवतं.

हे पुस्तक वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ नाही आणि जपानी रीतींचं भाषांतरही नाही. जपानी गुरूंकडून मी मांडणीची शिस्त घेतली, महिन्यांचा हिशेब मात्र आपल्या पंचांगाचा ठेवला. वर्षाची सुरुवात आषाढापासून केली आहे, कारण इथल्या मातीचं वर्ष पहिल्या पेरणीनं सुरू होतं. प्रत्येक रोप मी स्वतः निदान तीन पावसाळे वाढवलेलं आहे. जे माझ्या हाती जगलं नाही, ते यात घेतलेलं नाही. ज्यांच्याकडे बोन्साय आहे त्यांना यातून झाडाची सोबत मिळेल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी रोपापासून सुरुवात करावी, झाड मागून येईल. दोघांकडूनही माझी एकच अपेक्षा आहे. कुंडीत काय लावायचं हे ठरवण्याआधी या पावसाळ्यात एकदा आपल्या दाराबाहेरच्या दहा पावलांत काय काय उगवलं आहे ते बसून पाहावं.

नाहीतर काहीच करू नका. मिरग लागला की एक बोळकं घ्या, त्यात मूठभर विटांची भरड आणि चिमूटभर पालापाचोळ्याची माती घाला आणि ते पागोळीखाली ठेवा. काय उगवायचं ते पाऊस ठरवील. माझं बोळकं फुटकं होतं, म्हणून त्यातलं पाणी वाहून गेलं आणि हंसराज जगला. तुमचं धड असेल, तर तळाला भोक पाडायला विसरू नका.